पाठीमागचा दिवा

ईडन प्रेरीच्या आमच्या गॅरेजमध्ये केया स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाडीला, जादा दिवे लावत होती. केया माझी नात, चोवीस वर्षांची. घरामागचं तळं गोठलं होतं आणि दुसऱ्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर त्यावरून पलीकडे जायचा तिचा बेत होता.

"आजी, हा मेन." तिने लांबट पांढरा दिवा दाखवला. "सीटच्या मागे, उंच दांड्यावर. स्टेडियमसारखा उजेड पडेल."

"पुढे लाव, खाली. आणि पिवळा घे."

"पिवळा? रिक्षाला लावायचाय का?"

एक्क्याण्णव साली विवेकनेही, म्हणजे तिच्या आजोबांनी, असाच मागे दिवा बसवला होता. खालचे दिवे बर्फाने बुजतात, वरचा बुजत नाही, असं त्याचं इंजिनिअरी डोकं. पण पडत्या बर्फावर तो उजेड आदळला की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि तिच्यावर आपलीच सावली पडते. ती पुढे, आपण मागे. "रस्ता दाखवायला माणूस ठेवलाय," विवेक म्हणायचा. फेब्रुवारीत ओढ्याच्या तोंडाशी, जिथे बर्फ कच्चा असतो, तिथे तो बुडाला. बर्फात मागे राहिलेली गाडीची चाकोरी एकदाही वळली नव्हती.

केयाला मी एवढं सगळं प्रथमच सांगितलं. तरी तिने दिवा मागेच बसवला. पाच वाजता अंधारलं, बर्फ पडू लागला. गाडी अंगणात काढून ती म्हणाली, "दोन मिनिटं बस. तूच बघ."

मी बसले. तिने दिवा लावला.

पडत्या बर्फाच्या भिंतीवर माझी सावली उमटली, शालीसकट. तिच्या शेजारी आणखी एक. उंच, कानटोपी घातलेली, डावा खांदा किंचित उतरलेला.

"केया, तू मागे आहेस का?"

"नाही, इथे बाजूला." मग हळूच, "आजी, ते दुसरं कोण आहे?"

तो खांदा मी कुठेही ओळखला असता. दिवा असाच राहू दे, असं वाटलं.

सावलीने हात उचलून बोलावलं. मला नाही. केया तळ्याकडे चालू लागली.

"केया, थांब."

ती थांबली नाही. मी मागे वळून दोन्ही हातांनी वायर उपटली.

अंधारात ती काठावर उभी होती, एक बूट बर्फावर. "मी इथे कधी आले?"

सकाळी तिने पुढे, खाली, पिवळे दिवे बसवले. पांढरा दिवा परत पाठवायला खोक्यात भरला. तो मला ठेवून घेऊ दे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी तिला चिकटपट्टी कापून दिली.