जनीचे धवले

थळच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की लोक जनीच्या दारात यायचे. जनी धवलारीण होती, लग्नाची पारंपरिक गाणी म्हणजे धवले म्हणणारी. मांडव घालताना, हळद लावताना, नवरीला सासरी पाठवताना तिने धवला म्हटल्याशिवाय तो विधी पुरा झाला असं कोणी मानत नसे. ओळ जनी घ्यायची आणि शेजारी बसलेली रतन ती मागून उचलायची. दोघींची जोडी इतकी जुनी की गाताना त्यांना एकमेकींकडे बघावंही लागत नसे.

मागच्या पावसाळ्यानंतर जनीचा घसा बसला तो सुटेचना. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ आहे असं सांगितलं. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाजाचं मात्र काही सांगता येणार नाही, म्हणाले.

तिची सून रुचिका घरी आल्यावर म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी सगळे धवले म्हणून ठेवा. मी रेकॉर्ड करते."

"म्हनून ठेवाला ते काय लोनचं हाय?" जनी म्हणाली. पण तिने ऐकलं. सकाळी थोडा वेळ गळा मोकळा असायचा, तेवढ्यात रुचिका तिला ओटीवर बसवायची आणि फोन समोर धरायची. एका धवल्याच्या मधोमध कारखान्याचा भोंगा झाला. रुचिका पुन्हा म्हणा म्हणाली, पण तोवर गळा पुन्हा बसला होता. भोंगा तसाच राहिला.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाजाच्या जागी नुसती हवा उरली. जवळ कान नेला तरच शब्द कळायचे.

रुचिकाने अलिबागहून एक म्युझिक प्लेयर आणला. काड्यापेटीएवढा, कानात घालायच्या वायरीसकट. टचचा फोन जनीला जमत नव्हता, बोट ठेवलं की भलतंच काही उघडायचं. या डबीला बटणं होती आणि आत गाण्यांशिवाय काही नव्हतं.

"कॅसेट कुटं घालाची?" जनीने हातवारे करत विचारलं.

"कॅसेट नाही. आत कार्ड असतं, नखाएवढं. सगळे धवले त्यात आहेत."

जनीने आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. रुचिकाने वायरी तिच्या कानात घातल्या आणि मधलं गोल बटण दाबलं. जनीने जेमतेम एक ओळ ऐकली असेल, वायरी ओढून काढल्या.

"गेलेल्या बाईचा आवाज वाटतंय," ती म्हणाली. "ठेव तो तिकरं."

डबी खिडकीत पडून राहिली. रुचिकाने आग्रह केला नाही.

एके दुपारी जनी वाळत टाकलेले बोंबील राखत बसली होती. मनातल्या मनात हळदीचा धवला चालला होता आणि एका कडव्यापाशी ती अडकली. पुढची ओळ येईना. तिने पुन्हा सुरुवातीपासून धरलं, पुन्हा तिथेच अडली. जनी शाळेत गेली नव्हती. तिचे सगळे धवले तोंडात होते, आणि तोंड महिनोन्‌महिने बंद होतं. बोंबील तसेच सोडून ती घरात गेली आणि खिडकीतली डबी घेतली.

मधलं बटण दाबलं. काहीच झालं नाही. जोरात दाबलं, तरी नाही. रुचिका कामावरून येईपर्यंत ती डबी हातात घेऊन बसून होती.

"माज्याकरून मोरला गो."

"मोडला नाही, आई. चार्ज संपलाय. फोनला लावतो तीच पिन याला लावायची."

त्या दिवसापासून जनी शिकू लागली. मधलं बटण एकदा दाबलं की गाणं चालू, पुन्हा दाबलं की थांबतं, आणि थांबलं तिथूनच पुढे निघतं. हे शेवटचं तिला फार आवडलं. बाणाचं बटण नुसतं टेकवलं की पुढचा धवला, दाबून धरलं की त्याच धवल्यात पुढे किंवा मागे. फोल्डर म्हणजे काय ते काही केल्या कळेना, तेव्हा रुचिका म्हणाली, "मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या धरा. मांडवाचे एका वाटीत, हळदीचे दुसरीत." मग कळलं. अडलेली ओळ तिला सापडली. ती मागे घेऊन घेऊन ऐकली. ओठ हलत होते. आवाज कानातल्या बाईचा होता.

उन्हाळ्यात शेजारच्या विनेशच्या मुलीचं, हेमालीचं लग्न निघालं. विनेश स्वतः आला.

"काकी, तुमची ती डबी आमच्या स्पीकरला लावू द्या. तुमच्याच आवाजात हलद लागंल पोरीला."

जनीने होकाराची मान हलवली.

हळदीच्या दिवशी मांडवात बायका जमल्या. स्पीकरवाल्याने वायर जोडली आणि जनीचा आवाज साऱ्या आळीत घुमला. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जनी मागे भिंतीशी बसली होती. सगळ्या जणी स्पीकरकडे बघत होत्या, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मांडवाचा धवला संपला. हेमालीच्या गालाला पहिली हळद लागली, आणि स्पीकरमधून पाठवणीचा धवला सुरू झाला. नवरी उंबरा ओलांडते तेव्हाचा. हेमालीचा चेहरा आधी गोंधळला, मग ती हुंदके देऊन रडायला लागली. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"हलदीला पाठवनी?" नवरीची आई ओरडली. "बंद करा तो!"

स्पीकरवाला बटणं दाबू लागला तसा आवाज आणखीच मोठा झाला. जनी उठली, बायकांमधून वाट काढत गेली आणि मधलं बटण दाबलं. मांडव गप्प झाला. डबीच्या पडद्यावर एकमेकांत गुंतलेले दोन बाण दिसत होते. वायर लावताना कुणाचं तरी बोट पडलं होतं आणि धवले उलटसुलट लागत होते. जनीने ते बाण काढून टाकले.

"आता लावा, काकी," विनेश म्हणाला.

जनीने स्पीकरची वायर उपसली. कानातल्या वायरी जोडून ती रतनपाशी जाऊन बसली आणि एक टोक तिच्या कानात घातलं.

"तू घे," ती म्हणाली.

रतन घाबरली. "मी? मी जलमभर तुज्या मागनं म्हटला. पयली ओल कवा घेतली न्हाय."

जनीने बटण दाबलं. एक ओळ झाली, थांबवलं. रतनच्या गुडघ्यावर तिचा हात होता. रतनने डोळे मिटले आणि ती ओळ घेतली. आवाज कापत होता, पण सुरात होता. बायकांनी मागून उचलली. जनीने पुढची ओळ सोडली, पुन्हा थांबवलं. असं करत हेमालीची हळद पुरी झाली.

घरी येऊन जनी जेवली नाही. रुचिकाने विचारलं तर म्हणाली, "बरा म्हटला रतननं." आणि तोंड फिरवून निजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रतन आली. मग रोज येऊ लागली. दोघी ओटीवर बसायच्या, एक वायर हिच्या कानात, एक तिच्या. पावसाळा सरल्यावर नागावच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा रतनने कानात काही घातलं नाही. जनी तिच्या शेजारी बसली, मागून ओळ उचलणाऱ्यांच्यात. आवाज नव्हता तरी तिने प्रत्येक ओळ म्हटली. एका जागी रतनने वेगळाच शब्द घातला. रुचिकाने चमकून सासूकडे पाहिलं, पण जनी तो नवा शब्द ओठांनी पुन्हा म्हणत होती.

परतताना रिक्षात रतनने विचारलं, "चुकला का गो कुटं?"

जनी तिच्या कानाशी वाकली. "एका जागी. पन तसाच म्हन."

रतनने कुठे ते विचारलं नाही.