मागचे तीन प्लग

"मनिषभाई, हिचे प्लग परत कधी बदलायचे?" बॉनेट उघडता उघडता नितीनने विचारलं. "शेठ गाडी विकतायत. घेणारा विचारतोय."

मी हात पुसत उभा राहिलो. झाईच्या चिकूवाडीवाल्या शेठची ही अवाढव्य गाडी तलासरीच्या माझ्या गॅरेजात दोन वर्षांनी येत होती. आमच्या भागात एवढ्या मोठ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या, त्यांना ठिणगी पाडणाऱ्या या प्लगची भानगडच नसते. पेट्रोल पिणारी नखरेवाली ही एकच.

"चाळीस हजार किलोमीटरला," मी म्हणालो.

"मग अजून चालतील. मागल्या खेपेला तुम्हीच सहाच्या सहा बदललेत. त्यानंतर चाललीय कुठं ती?"

नितीन साधा ड्रायव्हर, त्याच्या मनात काही नव्हतं. जे होतं ते माझ्या मनात होतं.

या गाडीचं इंजिन सहा सिलिंडरचं. तीन प्लग पुढे, हात घातला की सापडतात. मागचे तीन मॅनिफोल्डखाली, हवेच्या नळ्यांच्या जुडग्याखाली, दडलेले. ते काढायचे तर वरचं सगळं उतरवावं लागतं, अर्धा दिवस जातो. दोन वर्षांमागे ती आली त्या दिवशी डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा होती. बायको आणि मुलं नवे कपडे घालून गॅरेजच्या दारात उभी. मी पुढचे तीन बदलले, मागच्यांना हातही लावला नाही, आणि नितीनला सांगितलं, सहाही झाले. मी काही जगावेगळं केलं नाही. पुढचे तीन नवे घातले तरी गाडी उचल घेते, मालक खूश होतो. जत्रेत मुलांना पाळण्यात बसवलं आणि विसरून गेलो.

त्याच वर्षी श्रावणात झरीच्या पाड्यावर हाल्याची बायको रूपी बाळंतपणात अडली. हाल्या शेठच्या वाडीत कामाला. शेठ मनाने चांगला, त्याने तिला दवाखान्यात नेण्यासाठी नितीनला गाडी घेऊन पिटाळलं. पाड्यावरची सुईण बुधीबाई सोबत बसली. मुलगी वाटेत, गाडीतच झाली, बुधीबाईच्या हातांवर. पण रूपीचं रक्त थांबेना, आणि भर पावसात, चढावर गाडी झटके द्यायला लागली. तीन सिलिंडर ओढत होते, तीन मरत होते. शेवटी बंद पडली ती पडलीच. दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. रूपी मागच्या सीटवरच गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि गाडी आपोआप सुरू झाली. पाणी शिरलं असेल, सगळे म्हणाले. मीही म्हणालो. शेठने ती वाडीत नेऊन ताडपत्रीखाली ठेवली, पुन्हा वापरली नाही. पाण्यावर कोणी किती राग धरणार? पाड्याने तो बुधीबाईवर धरला. तिच्या हाताला यश नाही, तिचंच काहीतरी चुकलं, असं बोललं गेलं. अर्ध्या पाड्याची नाळ जिने कापली, तिला त्यानंतर कोणी बाळंतपणाला बोलावलं नाही.

तेव्हापासून मला इंजिनाचा तो चुकलेला ठोका ऐकू येतो. पिठाच्या गिरणीत येतो, बायकोच्या शिलाई मशीनमध्ये येतो, दुपारी डोळा लागला की पंख्यात येतो. बायको म्हणते, पंखा बरा आहे. मी तीन वेळा खोलला. बुधीबाई बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन गॅरेजसमोर बसते. त्या दिवशी मी कुठल्या तरी गाडीखाली पडून राहतो, काम असो वा नसो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मलाच जाळत होती.

आणि आता ती कायमची झाकायची सोय दारात चालून आली होती. पुढचे तीन दाखवले असते, नितीन गेला असता, गाडी विकली गेली असती. फक्त गप्प बसायचं होतं.

मी पाना घेतला आणि मॅनिफोल्ड सोडवायला लागलो.

"अहो, कशाला एवढं?" नितीन म्हणाला. मी दुसरा नट सोडवला. जेवणवेळेपर्यंत मागचे तीन बाहेर आले. टोकं झिजून गेली होती, एकाची चिनीमाती वरपासून खालपर्यंत तडकली होती. नितीनने तो उचलून उजेडात धरला.

"हे बदललेलेच नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"त्या दिवशी मी सेल मारून मारून रडलो होतो, मनिषभाई." त्याने प्लग खाली ठेवला. "हाल्याला कोण सांगणार?"

"मी जातो."

झरीला पोचलो तेव्हा हाल्या अंगणात भात झोडत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, जत्रेसकट. त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"दोन वरसं गप बसला तू," तो म्हणाला.

"बोललो असतो तरी रूपी परत आली नसती."

"रूपीचा नाय बोलत मी. ती बुधी. तिच्या दारात पाय नाय ठेवला मी, तुझ्यामुळं." त्याने पेंढी टाकली. "चल. तिला सांग."

बुधीबाईचं घर पाड्याच्या टोकाला. ती दारात नागली पाखडत होती. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी शब्द सापडत नव्हते. तिचं सूप मध्येच थांबलं.

"दोन वरसं माझं हात बघतंय मी," ती म्हणाली. "कुठं चुकला, ता शोधतंय."

"तुमचं नाही चुकलं, बुधीबाई. माझं चुकलं."

"ऐकला मी."

मग ती माझ्याशी बोललीच नाही. हाल्याकडे वळून म्हणाली, "पोर केवढी झाली?"

"पळते आता," हाल्या खाली बघत म्हणाला.

"माझ्या हातावं झाली. परत कुणी दाखवली नाय."

हाल्या वळला आणि घराकडे निघाला. बुधीबाई उठली. हंड्यातून पाणी घेऊन, राख लावून, कोपरापर्यंत हात धुवायला लागली, एकेक बोट सावकाश. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ते बरोबरच होतं. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो.

हाल्या मुलीला कडेवर घेऊन येताना दिसला. बुधीबाईने ओले हात लुगड्याला पुसले आणि पुढे केले.