मिस्त्रीचा कान

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे सौंसरमध्ये फक्त तिघांना माहीत होतं: मला, टीव्हीला आणि कुकरला. ते स्वतः कबूल करायला तयार नव्हते. "लोकं आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात," असं म्हणायचे. चार वर्षं झाली, अख्खं सौंसर तोंडातल्या तोंडात बोलत होतं.

हेडमास्तर असते तर खपून गेलं असतं. पण हे पडले प्रकाश मिस्त्री. रामाकोना रोडवर यांचं गॅरेज आणि गॅरेजचं सगळं नाव कानावर. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच "दोन नंबरचं नोजल गेलं" असं सांगायचे आणि खोलून पाहिलं तर दोन नंबरचंच नोजल गेलेलं असायचं. पांढुर्ण्याहून लोक गाड्या घेऊन यायचे ते या कानासाठी. तरी त्यांना भीती गिऱ्हाइकाची नव्हती. भीती होती चौदा एप्रिलची.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो असतो आमच्या जीपवर आणि स्टेअरिंगवर असतात हे. पंचवीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. दिवाळीत यांना नवा शर्ट चढवायचा म्हणजे दोन माणसं लागतात, पण त्या दिवशी सकाळी सहाला पांढरा सदरा घालून, दाढी करून बसलेले. वर्षभर ग्रीसमध्ये लोळणाऱ्या माणसाचा तो एकच दिवस.

जीप शहाऐंशीची. तिचं मूळ पेट्रोल इंजिन दीड वर्षापूर्वी जाम झालं, तेव्हा यांनी कुठल्याशा उलटलेल्या पिकअपचं डिझेल इंजिन आणून तिच्यात कोंबलं. कोंबलं म्हणजे कोंबलंच. इंजिन लांब, बोनेट आखूड. एअर फिल्टर मावेना म्हणून हवा घ्यायचा पाइप समोरच्या जाळीतून बाहेर काढला. बसलं कसंबसं, पण सुरात लागेना. सूर लावायचा कानानं आणि कान तर संपावर.

गेल्या वर्षी त्या नव्या इंजिनाची पहिली मिरवणूक. मागे आम्ही दोनशे बाया पांढऱ्या साड्या नेसून. बसस्टँडपर्यंत पोचलो तेव्हा पहिल्या तीन रांगा काळ्या झाल्या होत्या. देवकाबाई सगळ्यांत पुढे होती आणि तिच्या जिभेला आजवर कोणी ब्रेक लावलेला नाही. "मी जयंतीले आली का परासियाच्या कोळसा खाणीत?" असं ती भर चौकात ओरडली. जयंती समितीचे अध्यक्ष यशवंतराव, निवृत्त बाबू, यांनी तिथंच जाहीर केलं, "पुढच्या साली धूर निघाला तर लोधीखेड्याहून ट्रॅक्टर आणू."

यांना ते ऐकू आलं नाही. घरी आल्यावर मला ओरडून सांगावं लागलं. शेजारच्यांना दोनदा कळलं, यांना एकदा. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

वर्षभर स्वतःच झटापट केली. फेब्रुवारीत एका दुपारी मी डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर हे चालू इंजिनवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे. पेशंटचा ताप पाहावा तसे.

"कान लावाच्या जागी हात लावून राहिले तुम्ही," मी अगदी तोंडासमोर जाऊन म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला.

"मले शिकवा. मी आयकते."

"तू? कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाही तुले."

"शिट्ट्या मोजता येतात. तुम्ही मधात बोलता म्हणून चुकते."

त्यांनी पाना उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "कव्हर खोल." याला आमच्याकडे होकार म्हणतात.

दुपारी सौंसर झोपतं. तेव्हा आम्ही शटर अर्धं खाली ओढायचो आणि शाळा भरायची. एक गोष्ट मानली पाहिजे, कान गेला तरी आवाज यांच्या डोक्यात जसेच्या तसे होते. "टॅपेट ढिलं असलं का शिलाई मशीनवानी टकटक," ते सांगायचे. "टायमिंग पुढं गेलं का घण पडल्यावानी कडक. मागं गेलं का आवाज मऊ, अन् धूर." टायमिंग म्हणजे डिझेल कोणत्या क्षणी आत उडायचं ते. त्यासाठी डिझेल सोडणाऱ्या पंपाचे बोल्ट सैल करायचे आणि अख्खा पंप केसभर इकडे नाहीतर केसभर तिकडे फिरवायचा. केसभर म्हणजे केसभरच. मी पहिल्याच दिवशी वेणीभर फिरवला. इंजिन असं कडाडलं की पलीकडच्या गिरणीवाल्यानं आपलाच पट्टा तुटला समजून गिरणी बंद केली.

"आता तिकडे. हळू. आवाज जिथं गोल होते तिथं थांब."

"गोल म्हणजे?"

"गोल म्हणजे गोल! आता गोल कसा सांगू तुले?"

असे आम्ही भांडत भांडत शिकलो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण एवढं सलग बोलणं कधी झालं नव्हतं. आणि मार्चच्या मधात एका दुपारी मला तो ऐकू आला. कडकपणा गेला, मऊपणा यायचा होता, मधे एका जागी इंजिन नुसतं चालू होतं, कुठं काही टोचत नव्हतं. मी पान्यानं बोल्ट धरून ठेवला आणि यांना हाक मारली. अर्थात त्यांनी ऐकली नाही, पण माझं तोंड पाहून कळलं त्यांना. मी वेड्यासारखी हसत होते.

धुराची परीक्षा बनियनवर. यांचा पांढरा बनियन सायलेन्सरसमोर बांधायचा, पंधरा मिनिटं पहिल्या गिअरमध्ये जीप चालवायची आणि डाग पाहायचा. पहिला बनियन जाळून टाकावा लागला. पाचवा धुऊन यांनी परत अंगात घातला.

गिऱ्हाइकासमोर मात्र मी चहा देणारी बाई. त्यासाठी आम्ही खुणा ठरवल्या. ट्रेखाली एक बोट म्हणजे टॅपेट, दोन म्हणजे टायमिंग, तीन म्हणजे नोजल, मूठ म्हणजे सगळं ठीक. मी चहा ठेवता ठेवता बोटं दाखवायची आणि हे मान तिरपी करून, ऐकल्यासारखं करून फैसला द्यायचे. गिऱ्हाईक थक्क. मला राग यायचा. माझ्या कानाची फी यांच्या खिशात, त्याचं काही नाही. पण "वा मिस्त्री!" म्हटल्यावर ते जे खाली बघायचे, ते मला बघवत नव्हतं.

चौदा एप्रिलला चार वाजता जीप बुद्धविहारासमोर उभी. फोटो, फुलं, निळे झेंडे. मी गुडघेदुखीचं निमित्त काढून यांच्या शेजारी बसले. निघता निघता समितीच्या पोरांनी जीपच्या तोंडावर भलामोठा फ्लेक्स बांधला. त्यावर समितीच्या अकरा जणांचे चेहरे आणि मधोमध यशवंतराव, बाकीच्यांच्या दुप्पट. मी तो पाहिला आणि हसले. हसण्याऐवजी डोकं चालवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

अर्धा रस्ता छान गेला. देवकाबाई मुद्दाम पहिल्या रांगेत, डोळे सायलेन्सरवर. मग पेट्रोलपंपाच्या वळणावर तिचा आवाज डीजेच्या वरून आला, "सुरू झाला वं माय!"

मी मागे वळून पाहिलं तर काळा धूर. मी कोपरानं ढोसल्यावर यांनी जीप थांबवली, पाना काढला आणि बोनेट उघडून थेट पंपाला भिडले. यशवंतराव तरातरा आले. त्यांनी हात वर करून डीजे बंद करायला लावला. एकदम सगळीकडे चूप.

"मिस्त्री," यशवंतराव यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "सांगा, काय आवाज येऊन राहिला?"

हजारभर माणसं बघत होती. यांनी नेहमीसारखी मान तिरपी केली आणि हळूच माझ्या हाताकडे पाहिलं.

मला तर ऐकू आलं होतं. टॅपेट ठीक, टायमिंग ठीक, आवाज गोलच होता, पण नाक चोंदलेल्या माणसासारखा. इंजिनला हवा मिळत नव्हती. पण हवेची खूणच आम्ही ठरवली नव्हती! एक, दोन, तीन, मूठ. मी बोटं उघडली, मिटली, परत उघडली. ते बघत राहिले. मी तोंडानं बोलले असते तर पंचवीस वर्षांचा मिस्त्री भर रस्त्यात संपला असता, आणि गप्प बसले तर त्यांनी बरोबर लागलेला पंप फिरवून सगळं बिघडवलं असतं. 

त्यांनी पाना मडगार्डवर ठेवला.

"मले ऐकू येत नाही," ते म्हणाले. "चार वर्सं झाले. ही जीप मालतीनं ट्यून केली. गॅरेजच्या गाड्याही हीच आयकते. हिले विचारा."

हे त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. त्यांचा नेहमीचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जातो.

मी उतरले. समोर जाऊन पाहते तर फ्लेक्स पाइपाच्या तोंडावर गच्च ओढला गेलेला आणि आत गेलेले होते नेमके यशवंतराव, नाकापासून हनुवटीपर्यंत.

"अध्यक्षसाहेब, तुमचं तोंड पाइपात गेलं," मी म्हटलं आणि हारवाल्याची कैची घेऊन ते गोल कापून काढलं. इंजिननं मोठा श्वास घेतला. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. देवकाबाईनं सायलेन्सरसमोर पदर धरून पाहिला आणि म्हणाली, "साफ आहे. चला आता."

यशवंतरावांनी फ्लेक्सच्या भोकाकडे पाहिलं, शेजारी शाबूत असलेल्या सचिवाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ बोलावंसं वाटलं असणार. पण म्हणाले एवढंच, "मिस्त्री, बसा. उशीर होऊन राहिला." मागून पोरं ओरडली, "बसा मिस्त्री!" बायाही ओरडल्या.

हे मडगार्डजवळ उभे होते, सगळ्यांकडे पाठ करून, हात पुसत. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. धूर गेल्यावर इंजिन बंद करून त्यांनी किल्ली हातात काढून ठेवली होती, दुसऱ्याला द्यायला. मला इतका राग होता या माणसाचा, चार वर्षांचा साठलेला, तरी मी त्यांच्याजवळ गेले. मी त्यांची बाही ओढली, सीटकडे बोट दाखवलं.

"बसा म्हणते."

"कोण म्हणते?"

"सगळे."

त्यांनी एकदा मागे वळून लोकांकडे पाहिलं. मग सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली आणि चढून स्टेअरिंगवर बसले.