पेगेरोसाहेबांखालचा बाक

मी एक जुना बाक आहे. बाराओना गावाच्या बेसबॉल मैदानात, खेळाडूंच्या छपराखाली माझी उमेदीची वर्षे गेली. मला एका होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याने महोगनीच्या एकाच फळीतून घडवले. तेव्हा मला वाटे, आपल्यावर शूर माणसे बसतील. बसलीही. पण सर्वांत जास्त बसला तो लेओविहिल्दो पेगेरो.

मित्रांनो, रेडिओवर त्याला 'महान खेळाडू' म्हणतात. हा महान खेळाडू अकरा हंगाम राखीव होता. इतर जण धावत, घसरत, गुडघे सोलून घेत. हा शेंगदाणे खात बसे आणि टरफले माझ्या फटीत कोंबी. कोण उशिरा आला, कोण संघाच्या मालकाबद्दल काय बोलला, हे मात्र तो नीट लक्षात ठेवी आणि संध्याकाळी मालकाच्या कानी घाली. अशा माणसाला मालक विसरत नाहीत. खेळणे संपताच तो संघाचा मॅनेजर झाला; कोण खेळणार ते आता तो ठरवी.

त्याच्या तिसऱ्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. आमचा पिचर होता फेर्मिन क्वेवास, बावीस वर्षांचा, उसाच्या मळ्यातून आलेला. सात डाव चेंडू फेकून तो माझ्यावर टेकला. उजवे कोपर त्याने डाव्या हाताने धरून ठेवले होते.

"साहेब, कोपर दुखतंय," तो म्हणाला.

"सगळ्यांचंच काही ना काही दुखतं."

"तसं नाही, आतून दुखतंय. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

दोन ताजे पिचर शेजारीच बसले होते. पण पेगेरोचा हिशोब मला ठाऊक होता. नवा माणूस पाठवला आणि हरलो, तर लोक पेगेरोला शिव्या देणार. फेर्मिन हरला, तर फेर्मिनला.

"जा, मर्दासारखा फेक," तो म्हणाला आणि पुन्हा शेंगदाण्यांकडे वळला.

आठव्या डावात फेर्मिनच्या कोपरातून ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. तो मला छपराखालीही ऐकू आला. उरलेला खेळ एका ताज्या पिचरने सांभाळला आणि सामना आम्ही जिंकलो. लोकांनी पेगेरोला खांद्यावर घेतले. फेर्मिनला एका भाजीच्या गाडीतून इस्पितळात नेले. तो पुन्हा कधी खेळला नाही.

पुढे मैदानात सिमेंटचे बाक आले. पेगेरो तेव्हा रेडिओवर समालोचक झाला होता. आठवण म्हणून त्याने मला मागून घेतले आणि समालोचनाच्या खोलीच्या दारातून मी मावेना म्हणून मला अर्ध्यावर कापले. त्या उरलेल्या अर्ध्या बाकावर बसून तो दरवर्षी श्रोत्यांना सांगे, "मी हात जोडले, म्हटलं, फेर्मिन, बाळा, बाहेर ये. पण तो म्हणाला, साहेब, मला इथेच मरू द्या." असे सांगताना तो माइकजवळ एक हुंदका काढी. माझ्या फळीला त्या हुंदक्याची किळस येई.

वीस वर्षे मी हे ऐकले. मग त्याच्या वाढत्या वजनाने माझा एक पाय मोडला आणि सुताराला बोलावणे गेले. त्या दिवशी पावसाने सामना थांबला होता. वेळ भरून काढायला पेगेरोने तीच कहाणी सुरू केली. सुतार माझ्याखाली वाकून डाव्या हाताने खिळा ठोकत होता.

"ठोकाठोकी थांबव रे, कार्यक्रम चालू आहे," पेगेरो म्हणाला.

सुतार उठला. त्याचा उजवा हात कोपरात अर्धाच उघडत होता.

"मी तसं म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "कोपर दुखतंय, दुसऱ्याला पाठवा, असं म्हणालो होतो."

पेगेरोने त्याच्या कोपराकडे पाहिले. मग हसला. "अरे, फेर्मिन ना तू? किती सुटलायस. जुनी गोष्ट ती. जिंकलो ना आपण?"

"जिंकलो. मी डाव्या हाताने जेवायला शिकलो."

"श्रोतेहो," पेगेरो घाईने म्हणाला, "पाऊस उघडतोय असं दिसतंय."

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. शेजारी बसलेल्या नेरेइदा या सहसमालोचक बाईंनी आपला माइक सुताराकडे सरकवला. "मुळीच उघडत नाहीये," त्या म्हणाल्या. "फेर्मिनभाऊ, तुम्ही बोला."

तो फार बोलला नाही. जे घडले तेवढेच सांगितले, आवाज न चढवता. सगळ्या बाराओनाने ते ऐकले.

पेगेरोची नोकरी गेली नाही. अशांची जात नाही. फक्त ती कहाणी बंद झाली आणि मला बाहेर फेकण्याचा हुकूम सुटला. फेर्मिनने मला घरी नेले. आता मी त्याच्या दुकानापुढे बदामाच्या सावलीत असतो आणि दुपारी माझ्यावर डोमिनोचा डाव रंगतो. एकदा पेगेरो त्या वाटेने आला. खेळणाऱ्यांनी सरकून जागा केली.

"बसा साहेब," फेर्मिन म्हणाला.

पेगेरोने घड्याळ पाहिले आणि तो चालू लागला. मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, बाकाला वर्षातून एकदा तेल लावा, पावसात टाकू नका. आणि शेजारी बसलेला कुणी 'दुखतंय' म्हणाला, तर आधी त्याच्याकडे बघा. धावफलकाकडे नंतर.