निळ्या झाकणाचं भांडं

स्वर्गाचं दार जेवणाच्या टेबलाशी उघडतं, असं आमचे पास्टर एलिसेओ सांगतात. बहुधा कुणाच्या तरी टेबलाशी बसून, तोंडातला घास संपवून सांगतात.

यंदा त्यांनी साल्काहा गावातल्या आमच्या प्रोटेस्टंट चर्चला मोहीम दिली. दर घराने एक शेजारी निवडायचा. बारा गुरुवार त्याला जेवू घालायचं, धर्माचा चकार शब्द काढायचा नाही. मग वर्धापनदिनाच्या रविवारी त्याने आपण होऊन चर्चमध्ये यायचं. ज्यांचा पाहुणा येणार नाही, त्यांनी आपला प्रार्थनागट दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

माझी बायको नोएमी अकरा वर्षं बायकांचा गट चालवते आणि डेबोराबाईंचा त्यावर डोळा आहे. तरी नोएमीने निवडली कोण, तर समोरच्या घरातल्या दोन्या एर्मेलिंदा; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. विधवा, एकटी, आणि कट्टर कॅथलिक.

पहिल्या गुरुवारी भोपळ्याच्या बियांच्या वाटणातली कोंबडी होती. दोन्यांनी दोनदा वाढून घेतली. उरलेली नोएमीने आमच्या काचेच्या, निळ्या झाकणाच्या भांड्यात घालून दिली. चूक तिथे झाली.

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शनिवारी दोन्या भांडं घेऊन आल्या ते पाकातल्या भज्यांनी भरून.

"संत जूडच्या नैवेद्याची आहेत. घे गं, गरम आहेत."

दार लागल्यावर नोएमी भांड्याकडे विंचू असल्यासारखी बघत राहिली. "आब्नेर, हे मूर्तीपुढचं आहे. आपल्यात चालत नाही."

"मग टाक."

"अन्न टाकू?"

सगळी मी खाल्ली. मोहिमेत माझं काम तेवढंच होतं. पुढच्या गुरुवारी भांडं इकडून भरून गेलं, शनिवारी तिकडून भरून आलं. मका, केळी, रताळी, आणि दर खेपेला कुठला तरी संत. मला पट्ट्यात दोन नवी भोकं पाडावी लागली.

नवव्या गुरुवारी माझा धीर सुटला. "दोन्या, एक विचारू? तुम्ही इतकं का करता हो आमच्यासाठी?"

नोएमीने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली.

दोन्यांनी शांतपणे हाड चोखून ताटात ठेवलं. "आमच्या फादरनी सांगितलंय. दर घराने एक भरकटलेलं कुटुंब धरायचं, खाऊ घालायचं, धर्माचा शब्द काढायचा नाही. आता तू विचारलंसच म्हणून."

"भरकटलेलं? आम्ही?" नोएमी म्हणाली.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. भात वाढ."

नोएमीने वाढला. आणखी तीन गुरुवार वाढला. मी म्हटलं, दे तो गट डेबोराबाईंना आणि मोकळी हो. त्यावर दोन दिवस मला फक्त दोन्यांचं अन्न मिळालं.

वर्धापनदिनाला गिटारवाले सूर लावत होते. तिसऱ्या बाकावर नोएमीशेजारची जागा रिकामी होती. मागच्या बाकावरून डेबोराबाई म्हणाल्या, "वाट बघ हो, बहिणी. प्रभूला सगळं शक्य आहे."

तेवढ्यात दारात काळी शाल दिसली.

"हल्लेलुया!" पास्टर गरजले. "बहिणीला वाट द्या!" टाळ्या सुरू झाल्या, ढोल सुरू झाला, नोएमीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दोन्या एर्मेलिंदा थेट तिसऱ्या बाकापाशी आल्या आणि त्यांनी भांडं नोएमीच्या मांडीवर ठेवलं.

"तांदळाची खीर आहे. काल यायला जमलं नाही, गुडघा धरला होता. अगं, रडतेस काय? निघते, आमच्या चर्चमधली अकराची मिस्सा चुकेल."

आणि गेल्या.

ढोलवाल्याला थांबायला थोडा वेळ लागला. "हे धरायचं नाही हं, पास्टर," डेबोराबाई उभ्याच राहिल्या. "त्या बसल्यासुद्धा नाहीत!"

पास्टर म्हणाले, प्रश्न गंभीर आहे, उपासनेनंतर बघू. उपासनेनंतर त्यांनी खिरीच्या दोन वाट्या घेतल्या आणि निकाल दिला: पाहुणी आली, आपण होऊन आली, बसण्याबद्दल मोहिमेत काही म्हटलेलं नाही.

गट नोएमीकडेच राहिला. भांडं घासताना तिच्या लक्षात आलं की झाकण अजून समोर दोन्यांकडेच आहे.