माती कुठली

तट: नाही.
दरवाजा: नाही.
पाण्याचं टाकं: नाही.
बुरूज, तोफ, देवीचं देऊळ: नाही, नाही, नाही.

कश्मिराने एवढं टाइप केलं, खाली फोटो जोडला आणि पुण्याला नवऱ्याला पाठवून दिलं. फोटोत सुरूसारखी सरळ झाडं, त्यांच्या बुडाशी नेचे आणि मधून गेलेली ओली पायवाट.

नीलकंठचं उत्तर आलं: 'ही टेकडी आहे. किल्ला कुठाय?'

तीही तेच शोधत होती. जपानमधल्या त्सुकुबाहून, जिथे ती राहायची, सायकलने ती इथे आली होती. पायथ्याशी पाटी होती, त्यावर लिहिलं होतं की मध्ययुगात इथे किल्ला होता. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी काठी टेकत उतरणाऱ्या एका आजीबाईंना तिने जपानीत विचारलं, किल्ला कुठल्या बाजूला आहे?

आजीबाईंनी काठीने जमिनीकडे दाखवलं.

"तुम्ही खंदकात उभ्या आहात," त्या म्हणाल्या.



डोंगराची धार कापायची. कापलेली माती बाजूला रचून बांध घालायचा. माथा सपाट करायचा. झाला किल्ला. वर लाकडाचं कुंपण असायचं, ते केव्हाच कुजलं. दगड कधी नव्हताच. उरली ती माती, आणि मातीवर रान.

काळ्या कातळाची सवय असलेल्या माणसाला असा किल्ला दिसत नाही. पाहायला शिकावं लागतं. कश्मिरा शिकली, कारण रविवारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तिला मुळात गडांची आवड नव्हती. ती नीलकंठची. लग्नाआधी त्याने तिला तीन गड दाखवले आणि तिन्ही ठिकाणी ती खाली पिठलं-भाकरी कुठे मिळते ते विचारत होती. आता तो पुण्यात होता आणि गड ती चढत होती. चढायची, फोटो काढायची, पाठवायची.

— खंदकात पाणी?
— कोरडा. चढणारा माणूस घसरावा म्हणून.
— मग वरून दगड टाकत असतील.
— बहुतेक.
— दगड नाहीत म्हणालीस ना.
— तू ये आणि बघ.

ह्यावर एक हसरा चेहरा आला. 'तू ये' असं तिने लिहिलं की हसरा चेहराच यायचा.



इटली

२०११च्या मे महिन्यात तिघं इटलीला जाणार होते. कश्मिराची परिषद होती, चार दिवसांची. नंतरचा आठवडा नीलकंठने आखला होता. डोंगरमाथ्यावरची तटबंदीची गावं, एकातून दुसऱ्यात पायी. तो नकाशा जमिनीवर पसरून मुलाला, अद्वयला, दाखवायचा. "इथे लोक अजून किल्ल्यात राहतात. तटावर कपडे वाळत घालतात. बुरुजात न्हावी बसतो."

"आणि शाळा?" पाच वर्षांच्या अद्वयने जपानीत विचारलं होतं. तो तेव्हा मराठी प्रश्नाला जपानी उत्तर द्यायचा.

"शाळापण किल्ल्यात."

मार्चमध्ये भूकंप झाला. घरातली कपाटं आडवी झाली, आठवडाभर नळाला पाणी नव्हतं, आणि मग फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या. नीलकंठ अद्वयला घेऊन पुण्याला गेला. सगळे जात होते. कश्मिराची प्रयोगशाळा बंद होती, पण यंत्रं तपासायला कुणीतरी हवं होतं. शाळा सुरू व्हायच्या आत येतो, असं नीलकंठ विमानतळावर म्हणाला. शाळा सुरू झाली, पुण्यातली.



मोजणी

ती मोजत होती. छोटा मीटर होता तिच्याकडे, किरणोत्सर्ग मोजणारा. बागेतली वाळू, घसरगुंडीचा पायथा, बालवाडीचं फाटक, गटाराची जाळी, गॅलरी, गादी. दर रविवारी आकडे नीलकंठला जायचे. तो आकड्यांखाली 'ओके' लिहायचा. बागेतली वाळू बदलली गेली, आकडे उतरले, 'ओके' तेवढाच राहिला.

उन्हाळ्यानंतर आकड्यांऐवजी किल्ल्यांचे फोटो जायला लागले. हे नेमकं कधी झालं ते तिच्या लक्षात आलं नाही.



२०१२च्या ऑक्टोबरात इशिकावा-सेन्सेईंनी तिला खोलीत बोलावलं. ते तिच्या गटाचे प्रमुख. खुर्चीवरचे कागद उचलून त्यांनी तिला जागा करून दिली.

"कश्मिरा-सान, आणखी तीन वर्षं नेमणूक. तुमचं नाव मी पुढे केलंय. उत्तर नोव्हेंबरअखेर द्या. घरच्यांशी बोला."

ती घरच्यांशी बोलली.

"तीन वर्षं म्हणजे अद्वयची चौथी," नीलकंठ पडद्यावरून म्हणाला.

"इकडे शाळा आहे ना. पूर्वीचे मित्र आहेत त्याचे."

"मित्रांशी बोलणार कशात? विसरला तो सगळं."

"महिन्याभरात येईल परत. लहान आहे."

"मी इथे कॉलेजात कायम झालोय, कश्मिरा."

"माहितीय."



"दिवाळीला येतो आम्ही," तो म्हणाला. "बघू. त्याला कसं वाटतंय बघू. मग ठरवू."

म्हणजे दार बंद नव्हतं. तिने त्या रात्री तिघांचे टॉवेल विकत आणले.



किल्ला करायची रीत

खोकी किंवा विटा. वर पोतं. पोत्यावर चिखल. चिखलात अळीव नाहीतर मोहरी पेरायची, म्हणजे चार दिवसांत रान उगवतं. मग मावळे मांडायचे, सिंहासनावर महाराज.

माती शेजारच्या बांधकामावरची. विचारून, किंवा न विचारता. माती कुठली, हे पुण्यात कुणी कधी कुणाला विचारत नाही.

कश्मिराने स्वतः कधी किल्ला केला नव्हता. भाऊ करायचे, ती मोहरी पेरायची. आता तिने गॅलरीत दोन खोकी ठेवली, जुनी चादर भिजवून वर टाकली. रविवारी टेकडीवर गेली आणि पायथ्याला, पावसाने रस्त्यावर घसरलेली माती दोन पिशव्या भरून सायकलवरून आणली. काळी, भुसभुशीत, पानं कुजून झालेली. हाताला चांगली लागत होती. मोहरी भारतीय दुकानातली.

तट केला नाही. धार कापली, तीन खंदक काढले, माथा सपाट केला. जपानी किल्ला. अद्वयला एक गंमत, असं तिच्या मनात होतं. इथलं काहीतरी, पण तिथल्यासारखं.

मोहरी त्यांच्या यायच्या आदल्या दिवशी उगवली.



"आई, ह्याला भिंतच नाही."

"हा जपानी किल्ला आहे. शत्रू कुठून येईल सांग बघू."

"कुठूनपण येईल. भिंतच नाही."

अद्वय सात वर्षांचा झाला होता. पुढचे दोन दात नव्हते. त्याने पुण्याहून आणलेले मावळे वर्तमानपत्रातून सोडवले आणि थेट गॅलरीत मांडी घातली. एक मावळा खंदकात आडवा पडला.

"हा मेला?"

"हा लपलाय," कश्मिरा म्हणाली, आणि मग तेच जपानीत म्हणाली, पूर्वी लपाछपी खेळताना म्हणायची तसं. अद्वयने वर पाहिलं. मग बाबाकडे पाहिलं, की हे काय?

तिने पुन्हा मराठीत सांगितलं.

तो दोन्ही हातांनी खणायला लागला. त्याला भिंत करायची होती. कोपरापर्यंत माती, नाकावर माती. ती त्याच्याजवळ बसली, तिचेही हात आत. भिंत उभी राहत होती. गॅलरीत ऊन होतं. नीलकंठ चहाचा कप घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"माती कुठली गं?"



टेकडीवरची, ती म्हणाली.

रानातली? तो म्हणाला.

हो.

मोजलीस?



ती आत गेली. मीटर कपाटात, बिलांच्या खाली होता. बॅटरी संपलेली. टीव्हीच्या रिमोटमधली काढून घातली. तोवर नीलकंठने अद्वयला उचलून न्हाणीघरात नेलं होतं, आणि पाण्याच्या आवाजातून अद्वय विचारत होता, "पण भिंत राहिली ना."

आकडा बागेतल्या वाळूच्या दुप्पट. पानं कुजलेली माती जास्त धरून ठेवते, हे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आकडा घाबरण्यासारखा नव्हता. अर्धा तास खेळून काही होत नाही, हे ती कुणालाही कागदावर मांडून दाखवू शकली असती.

तिने मीटर नीलकंठसमोर धरला. त्याने वाचला आणि 'ओके' म्हणाला.

नंतर त्याने अद्वयची नखं कापली. दहाही बोटांची, सावकाश, कागदावर.



जळणारा कचरा: मंगळवार, शुक्रवार.
बाटल्या, डबे: बुधवार, एकाआड एक.
माती: कुठल्याच दिवशी नाही. नगरपालिका माती नेत नाही.

किल्ला गॅलरीत राहिला. गॅलरीचं दार लावलेलं. मोहरी काचेतून दिसत होती, चांगली वाढत होती.



टेकडीवर जाऊ या, असं दोन दिवसांनी नीलकंठच म्हणाला. एवढे फोटो पाहिलेत, डोळ्यांनी बघू तरी.

अद्वयला सांगितलं होतं, हात खिशात.

"बाबा, काठी उचलू?"

"नको."

"पान?"

"नको रे."

"मग आपण आलो कशाला?"

नीलकंठला किल्ला लगेच दिसला. कश्मिराला दोनदा चढउतार करावी लागली होती, तो पहिल्याच खंदकात थबकला. "अगं, वाट मुद्दाम मुरडलीय. वरचा माणूस तुला बघतो, तुला तो दिसत नाही. भारी काम आहे." तो पुढेपुढे जात राहिला. त्याच्या चालण्यात जुना नीलकंठ आला, पाठीवर सॅक घेऊन तिच्यासाठी वळणावर थांबणारा. माथ्यावर पोचेपर्यंत तिला वाटायला लागलं की जमेल. तिघांचे टॉवेल आहेत. शाळा सायकलने दहा मिनिटांवर आहे. जमेल.

माथा सपाट होता आणि त्यावर एक बाक. खाली भातखाचरं, कापणी झालेली. अद्वय बाकावरून उड्या मारत होता, हात खिशात ठेवून.

"इथे कुणी राहत नसेल," नीलकंठ म्हणाला. "पाणी नाही, घरांच्या खुणा नाहीत."

"खाली गावात राहायचे. संकट आलं की वर."

"आणि टळलं की?"

"खाली."



"त्या दिवशी तू मोजून आणली असतीस ना, आणि याच्या चौपट आकडा आला असता, तरी मला चाललं असतं," तो म्हणाला. "आपण फेकून दिली असती. संपलं."

"मी विसरले, नील. दोन वर्षांत एकदा."

"एकदा नाही. मी गेल्या महिन्यात जुने मेसेज वाचत होतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून एक आकडा नाही. मला वाटायचं, कमी झालेत म्हणून पाठवत नसशील. तू मोजतच नव्हतीस."

"त्याची गरज नव्हती."

"तेच म्हणतोय मी. रागावलो नाहीये. तुला आता ती नुसती माती वाटते. ज्याला जिथलं व्हायचं असतं त्याला तिथली माती अशीच वाटायला हवी. मला नाही वाटत. मला अजून ह्याची बोटं दिसतात फक्त. तीन वर्षं मी ह्याच्या मागून ओला रुमाल घेऊन फिरेन, आणि तू मला वेडा म्हणशील, आणि दोघांचंही बरोबर असेल."

"मी तुमच्यासाठीच थांबले इथे. तुम्ही परत याल म्हणून घर ठेवलं, सगळं ठेवलं."

"खरं सांग."

बाकावरून उडी. धप्प. पुन्हा चढणं.

तिने खरं शोधून पाहिलं. ते फार लांब नव्हतं. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडताना येणारा वास होता त्यात. रविवारची सायकल होती. कुणालाही न विचारता वळलेल्या वाटा होत्या. रात्री पडद्यावरचे दोघं गेले की उरणारी खोली होती, आणि ती खोली तिला नको होती, पण खोलीबाहेरचं सगळं हवं होतं.

"तुम्ही नाही आलात," ती म्हणाली, "तरी मला राहायचंय."

नीलकंठने मान हलवली. आपण विचारलं कशाला, असं त्याच्या तोंडावर क्षणभर आलं आणि गेलं.

"मग तसं सांग त्यांना."

"अद्वयला काय सांगायचं?"

"सुट्टीत येईल. तू येशील. पुष्कळ लोकांचं असतं असं."

"आई," अद्वय ओरडला, "बघ, हात न काढता."

तिने पाहिलं. त्याने उडी मारली.



सोमवारी तिने होकार दिला. इशिकावा-सेन्सेई उभे राहिले, वाकले, अभिनंदन केलं. मग विचारलं, घरची मंडळी एप्रिलपासून येणार का? शाळेच्या अर्जात काही मदत लागली तर.

"ते येणार नाहीत," ती म्हणाली.

 सेन्सेईंनी खण उघडून एक संत्रं काढलं आणि तिच्या बाजूला टेबलावर ठेवलं. तिने ते जिन्यात उभं राहून खाल्लं.



विमानतळाची बस स्टेशनसमोरून सुटते. सामान बसच्या पोटात गेलं. नीलकंठने तिचा खांदा दाबला, म्हणाला, "गॅस बंद करत जा नीट," आणि चढला. अद्वय पहाटेपासून जागा होता. खिडकीशी बसल्या बसल्या त्याचं डोकं काचेला टेकलं. ती हात हलवत होती. काचेवर बोटं वाजवली तर तो उठेल, असं तिच्या मनात आलं, पण वाजवली नाहीत.

ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून आतून नीलकंठने पडदा ओढला.

बस सुटली तेव्हा ती पडद्याकडे बघून हात हलवत होती. बस चौकात वळली. ती तिथेच उभी राहिली, फूटपाथवर रंगवलेल्या रांगेच्या रेघेवर. जरा वेळाने तिच्या मागे एक माणूस बॅग घेऊन येऊन थांबला, मग त्याच्या मागे दोन मुली.

माणसाने हळूच विचारलं, "माफ करा, तुम्ही पुढच्या बससाठी आहात का?"

"नाही," कश्मिरा म्हणाली, आणि रांगेतून बाजूला झाली.