मागच्या बाकाखालची नावे

मित्रांनो, मी जुनी आहे हे मी लपवत नाही. लपवून उपयोगही नाही, कारण माझ्या मागच्या बाकाखाली साल कोरलेले आहे, १९५८. मी एक होडी आहे. देवदाराच्या पातळ फळ्यांची, वरून कॅनव्हासची कातडी आणि तिच्यावर हिरवा रंग. मला मोटर नाही, सुकाणू नाही. दोन माणसे, दोन वल्ही आणि पिकरेल सरोवराचे पाणी, एवढ्यावर माझे आजवर छान भागले आहे.

मला टोइव्हो सालोने घडवले. तो दिवसभर जंगलात लाकूडतोड करी आणि उरलेल्या वेळात शेडमध्ये माझ्या बरगड्या वाफवून वाकवी. वाफवलेली फळी साच्यावर बसवायला जेमतेम अर्धे मिनिट मिळते. तेवढ्यात जमले नाही तर ती ताठ होते आणि मोडते. टोइव्होच्या हातून माझी एकही बरगडी मोडली नाही. ही फुशारकी आहे, तशीच समजा.

माझ्यासारख्या होडीत पुढच्या बाकावरचा जोर लावतो आणि मागच्या बाकावरचा दिशा ठरवतो. पुढच्याला मागचा दिसत नाही, त्याने भरवसा ठेवायचा असतो. म्हणून सालोंच्या घरात मागच्या बाकाचा मान मोठा. मागे बसून जो मला मधल्या बेटाला वळसा घालून परत आणील, त्याने बाकाखाली चाकूने आपले नाव कोरायचे, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, ज्याने शिकवले त्याचे नाव. टोइव्होच्या मुलाने, आटोसने, तसे कोरले. आटोसच्या मुलाने, रॉयने, तसेच कोरले. पण वयाची सोळा वर्षे पुरी झाल्याशिवाय त्या बाकाला हात लावायचा नाही, हा टोइव्होचा नियम होता.

रॉयच्या नावाखाली मात्र पुढे काहीच आले नाही. रॉय आणि लॉर्ना यांना मूल झाले नाही. रॉय विजेची कामे करी, लॉर्ना परिचारिका होती. उन्हाळ्यात ती दोघे सरोवरावरच्या घरी येत आणि मला पाण्यात घालत, तो मागे, ती पुढे. मग रॉयने ॲल्युमिनियमची मोटरबोट आणली. ती भांडी आपटल्यासारखा आवाज करते. तरी सगळे तिच्यावर खूष, आणि मी शेडच्या आढ्याला उलटी टांगलेली. बारा वर्षे मी तशी होते. एका उंदराने माझ्या पुढच्या बाकाची वेताची वीण कुरतडून संसार थाटला. मी रागावले नाही असे म्हणणार नाही.

एका वसंतात शेडचे दार उघडले आणि रॉयने मला खाली उतरवले. त्याच्याबरोबर त्याची बहीण आयलीन होती. मला खरवडता खरवडता त्याने तिला बातमी सांगितली. कोलंबियातून दोन मुले दत्तक येणार होती, सख्खी भावंडे. येइमी तेरा वर्षांची, दुवान आठ वर्षांचा.

"तेरा?" आयलीन म्हणाली. "रॉय, लोक तान्ही मुलं आणतात. तेरा वर्षांची पोर म्हणजे तुमच्या घरात तिच्या मर्जीनं राहायला येणारी पाहुणी."

"येऊ दे की पाहुणी. खोली रिकामीच आहे."

"आणि बोलणार काय तिच्याशी?"

"दोन वर्षं स्पॅनिशचा क्लास केलाय आम्ही."

"तू? तुला हॉटेलात पाणी मागता येतं फक्त."

"मग तिला तहान लागली की मी आहेच," रॉय म्हणाला आणि खरवडत राहिला.

त्याने मला नवा कॅनव्हास चढवला, उंदराला घालवला. रंग देताना तो लॉर्नाला म्हणाला, "सोळाची झाली की नाव कोरेल. आणि खाली माझं येईल." हे वाक्य त्याने त्या महिन्यात किमान चारदा म्हटले. शेडच्या फळीवर एक जाडजूड फाईल असे. तिच्यात मुलांची वजने, लसी, दात, शाळा, अनाथाश्रमात काढलेली चार वर्षे असे सगळे होते. लॉर्नाला ती पाठ होती. फाईलीतले एक पान मात्र ती पुन्हा पुन्हा वाची. तिकडच्या अधिकाऱ्यांनी येइमीला विचारले होते, जायचे आहे का? मुलगी नाही म्हणाली असती तर दोघेही आले नसते. मुलगी हो म्हणाली होती.

"ती भावासाठी हो म्हणालीय," लॉर्ना म्हणाली. "तिचं स्वतःचं उत्तर अजून आपल्याला मिळालेलं नाही."

जुलैत मुले आली. दुवान धावत आला आणि माझ्या अंगावर थापा मारून गेला. येइमी सावकाश आली, माझ्या काठावरून हात फिरवत मागच्या बाकापर्यंत गेली आणि तिथे थांबली. मित्रांनो, ज्याला होडी ठाऊक आहे त्याचा हात होडीला लगेच कळतो. मला कळले. रॉयला कळले नाही.

त्याने दोघांना बुडू न देणारी फुगीर नारिंगी जॅकेटे घातली आणि मधोमध, तळाशी बसवले, जिथे तंबू आणि बटाट्यांची पोती ठेवतात. मग मोडक्या स्पॅनिशमध्ये शिकवणी सुरू झाली. हे पाणी. हे वल्हे. उभे राहायचे नाही. येइमी ताठ बसून राही. पहिल्याच दिवशी तिने मागच्या बाकाकडे बोट दाखवले. रॉय हसून म्हणाला, "सोळा. सोळा वर्षांची झालीस की."

तीन आठवडे हाच क्रम. ती लॉर्नाला लॉर्ना म्हणे आणि रॉयला रॉय, दोघांनाही तुम्ही. जेवण झाले की स्वतःचे ताट धुऊन पुसून ठेवी. आश्रमातून आणलेली पिशवी तिने रिकामी केली नव्हती.

एका सकाळी रॉय स्टीम-बाथच्या झोपडीसाठी लाकडे फोडत होता आणि लॉर्ना कणीक तिंबत होती. येइमी दुवानचा हात धरून माझ्याकडे आली. पिशवीत दुवानचा स्वेटर आणि कालचे दोन पाव होते. दोघांच्या अंगात जॅकेटे होती, हेही सांगून ठेवते. तिने दुवानला पुढे बसवले, मला पाण्यात लोटले आणि मागच्या बाकावर बसली.

पहिले वल्हे पाण्यात गेले आणि माझ्या सगळ्या बरगड्यांना आनंद झाला. केवढी सफाई! वल्हे उचलताना तिचे मनगट जरासे वळे, आणि मी एकाच बाजूच्या वल्ह्यावर नाकासमोर सरळ जाई. हे आटोसलाही सहज जमत नसे.

किनाऱ्यावर काय झाले ते लॉर्नाने नंतर माझ्यात बसून कितीदा तरी सांगितले आहे. रॉय कुऱ्हाड टाकून मोटरबोटीकडे पळाला. लॉर्नाने पिठाच्या हातांनी किल्ली काढून घेतली.

"दे इकडे. बुडतील ती," रॉय म्हणाला.

"तिचं वल्हं बघ. बुडणारी माणसं अशी जातात का?"

रॉयने पाहिले. मग तो बराच वेळ पाहतच राहिला.

"मोटरचा आवाज ऐकला की ती पळून जाणारी पोर होईल, रॉय. आत्ता ती नुसती होडीत बसलीय."

"आणि परत आलीच नाही तर?"

 लॉर्नाने किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली की तळव्यावर वळ उठला. तिलाही तीच भीती वाटत होती.

आम्ही बेटाजवळ पोचलो. तिथे पाणी दोन बाजूंना जाते. डावीकडे पलीकडचा किनारा आणि मोठा रस्ता, त्यावरचे ट्रक दिसतात. उजवीकडे बेटाला वळसा घालून परत. येइमीने वल्हे मांडीवर आडवे ठेवले. मी आपली हळूहळू तरंगत राहिले.

"तो रस्ता कुठं जातो?" दुवानने विचारले.

"लांब."

"विमानापर्यंत?"

"जात असेल."

दुवानने थोडा विचार केला. "आज लॉर्ना तो वेलदोड्याचा पाव करणारे. कणकेची वेणी मी घालायचीय, म्हणाली."

"तुला पावाचीच पडलीय."

"आणि काल चार तुकडे कुणी खाल्ले?"

येइमीला हसू आले. मग ती गंभीर झाली. "दुवान, तिकडं मला विचारलं होतं ना, जायचंय का म्हणून. मी तुझ्यामुळं हो म्हटलं होतं."

"मग आता नाही म्हणतेस का?"

येइमीने त्या रस्त्याकडे पाहिले, मग बेटाकडे. इतकी वर्षे तिला कुणी ना कुणी नेले होते, आजोबा गेल्यावर जीपने आश्रमात, मग विमानाने, मग गाडीने, आणि शेवटी माझ्यातही पोत्यांच्या जागी बसवून. आजोबा गेल्यानंतर दिशा तिच्या हातात पहिल्यांदाच आली होती. मी एवढी अनुभवी होडी, पण त्या घटकेला मलाही धाकधूक वाटली. मग तिने वल्हे उचलले, डाव्या अंगाला खोल घातले आणि मला उजवीकडे वळवले. त्या दिवशी तिला कुणी आणले नाही, ती आली.

लॉर्ना गुडघाभर पाण्यात उभी होती, चपलांसकट. तिने येइमीला मिठी मारली नाही, माझे टोक धरले. रॉयचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने रागवायचे ठरवले असावे, पण तोंडून निघाले ते निराळेच.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आज्यानं," येइमी म्हणाली. "माग्दालेना नदीवर. सहाव्या वर्षापासून मी मागं बसायचे. केळीचे घड न्यायचो आम्ही बाजाराला."

"फाईलीत हे नव्हतं," रॉय लॉर्नाकडे पाहत म्हणाला.

"तुम्ही मला विचारलं नाही," येइमी म्हणाली.

रॉय खाली बसला. टोइव्होचा नियम पाळायच्या नादात आपण काय केले, हे त्याला तिथे कळले आणि त्याला लाज वाटली. तसे तो उघड म्हणालाही. "चुकलो मी. तुला पोत्यासारखं बसवलं." मग त्याने मला किनाऱ्यावर ओढून पालथी केली, खिशातला चाकू उघडला आणि तिच्या हातात दिला.

"बेटाला वळसा घातलास. नाव कोर."

"मी सोळाची नाही."

"टोइव्होला मी समजावतो."

तिने नाव कोरले. रॉयने खालची जागा दाखवली. "इथं शिकवणाऱ्याचं."

येइमी थांबली. "तुमचं?"

मित्रांनो, तो हो म्हणू शकला असता. त्या नावासाठी तो दोन वर्षे थांबला होता, हे मला ठाऊक आहे.

"माझं कसं?" तो म्हणाला. "ज्यानं शिकवलं त्याचं."

तिने बारीक अक्षरात कोरले, एलिएसेर. माग्दालेनावर केळी नेणारा एक म्हातारा असा सालोंच्या रांगेत आला. टोइव्होने त्याला नक्कीच जागा करून दिली असती. त्या दुपारी येइमीने पिशवी रिकामी केली.

या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली. माझ्या बाकाखाली आज दुवानचे नाव आहे, आणि शिकवणाऱ्याच्या जागी येइमीचे. त्याच्या शेजारी आणखी एक नाव आहे, त्याची गंमत शेवटी सांगते. आधी माझे मागणे ऐका. तुमच्याकडे जुनी होडी असेल तर तिला आढ्याला टांगून विसरू नका, दरवर्षी तेल द्या आणि पाण्यात घाला. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कुणी मोठे झालेले मूल दुरून राहायला आले, तर त्याला लगेच शिकवायला बसू नका. त्याला आधी विचारा, तुला काय काय येते?

आता ती गंमत. ते नाव लॉर्नाचे आहे. पुढच्याच उन्हाळ्यात लॉर्ना म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी पुढंच बसतेय. मला मागचं बाक शिकव." येइमी पुढे बसली आणि मान वळवून शिकवू लागली. शिकवताना तिची जीभ भलतीच तिखट होते. लॉर्ना मला वाकडी नेई आणि येइमी वैतागे. बेटाजवळ मी पुन्हा भरकटले तेव्हा ती कावून म्हणाली, "मनगट वळव, आई, किती वेळा सांगू तुला?"

वर्षभर ती तिला लॉर्नाच म्हणत आली होती. येइमी पटकन समोर पाहू लागली. लॉर्नाने वल्हे उचलले. तोवर तिला मनगट छान जमू लागले होते, हे मी छातीठोकपणे सांगते. तरीही त्यानंतर ती आणखी दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा मुद्दाम.